समुद्र डाव्या हाताला

"ती बाई रोज बसते का हो तिथे, की आज आमच्या नशिबाने दिसली?" बसच्या पायरीवरून उतरता उतरता निळ्या स्वेटरची बाई म्हणाली, आणि तिचा हात धरून तिला खाली उतरवून घेणारी गाइड नुसतीच हसली. प्रवासी काहीही विचारतात. आधी हसायचं, मग प्रश्न समजून घ्यायचा, हे या कामात अंगवळणी पडलेलं असतं. "कुठली बाई?" तिने विचारलं. "अगं बाई! तुम्हीच तर दाखवलीत. मघाशी, त्या वळणावर. कठड्यावर बसलेली, मूल मांडीवर घेऊन." मागून उतरणारे काठीवाले आजोबा म्हणाले, "मला काही दिसली नाही बुवा. हिची मान मध्ये आली." "लग्न झाल्यापासून माझी मानच मध्ये येतेय यांच्या," त्यांच्या मागून उतरणाऱ्या आजी म्हणाल्या, आणि आजूबाजूचे लोक हसले. गाइडही हसली. हसताना दातांना लागलेला वारा तिला कळला, थंड, खारट. आणि हसता हसता ती एकदम थांबली. कारण त्या वळणावर ती काही बोललीच नव्हती.

त्या वळणावर कुणीच काही बोलत नाही. सकाळी शहरातून निघालेली बस आधी जुन्या बंदरावर थांबते, मग पडक्या किल्ल्यावर. किल्ला सुटला की दीपगृहापर्यंत रस्ता कड्याच्या कडेकडेने जातो आणि त्या पट्ट्यात सांगण्यासारखं काही नाही. लढाई नाही, बुडालेलं जहाज नाही, कुठला राजा हवा पालटायला येऊन राहिलेला बंगला नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढा दगडी कठडा, आणि कठड्यापलीकडे एकदम समुद्र. गाइड लोक तिथे माईक बंद करतात आणि घोटभर पाणी पितात. तिनेही तेच केलं होतं. माईक आकड्याला अडकवला होता, बाटलीचं झाकण फिरवलं होतं आणि फिरवता फिरवता दुसऱ्याच बाटलीच्या झाकणाचा विचार केला होता: घरच्या त्या नव्या, दुधाच्या बाटलीचं झाकण उलट्या बाजूने फिरतं, ते सासूबाईंना सांगायचं राहिलं. लागेल त्यांना वेळ, तोवर पाळण्यातल्या ठमाबाई घर डोक्यावर घेतील. हे तिला लख्ख आठवत होतं. पाण्याची चवसुद्धा आठवत होती, प्लास्टिकची, कोमट. मग त्या निळ्या स्वेटरवाल्या बाईला कठडा, बाई, मूल, हे कुणी सांगितलं? आणि एकटीला नाही. काठीवाले आजोबा 'दिसली नाही' म्हणाले होते, 'ऐकलं नाही' म्हणाले नव्हते.

दीपगृहाच्या आवारात प्रवासी पांगले. ती सवयीने बोलत होती: भिंती किती जाड, तेलाचे दिवे केव्हा गेले आणि वीज केव्हा आली, रखवालदाराच्या बायकोने वादळात नवरा तापाने फणफणलेला असताना रात्रभर दिवा कसा तेवत ठेवला. बोलता बोलता ती स्वतःचंच बोलणं कान देऊन ऐकू लागली आणि एकदम तिची जीभ अडखळली, जिना उतरताना पायऱ्यांकडे बघायला लागलं की पाय अडखळतो तशी. एरवी ती ऐकत नसे. ऐकायची गरजच नसे. नव्या गाइडला सुरुवातीला रडवतं ते डावं-उजवं. रस्त्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे लोकांचं डावं ते आपलं उजवं. नव्या नवलाईत तिने अख्ख्या बसला गुरांचा गोठा दाखवून 'इथे राणीसाहेब स्नानाला येत' असं सांगितलं होतं, आणि लोकांनी गोठ्याचे फोटोही काढले होते. ते प्रकरण ऑफिसात किती दिवस पुरलं! पण मग अंगात मुरलं. समुद्र आपल्या उजव्या हाताला असताना तोंड आपणहून म्हणायला लागलं, 'समुद्र डाव्या हाताला.' पुढे तिला पुढचा देखावा पाहावाही लागेना. लोकांचे चेहरे बघितले की पुरे. डोळे विस्फारले की किल्ला आला, कपाळावर आठी आली की मासळीचा वास आला, सगळ्यांच्या गालांवर एकदम उजेड पडला की झाडी संपली आणि पाणी सुरू झालं. इतकी वर्षं त्या किनाऱ्यावरून जाऊन तिने तो पाहिला होता तो असा, दुसऱ्यांच्या तोंडावर. आणि तिचं स्वतःचं तोंड तिच्यावाचून चालायला शिकलं. किल्ल्याचा वेढा सुरू करून द्यायचा आणि आपण मनात घरभाड्याचं, नणंदेच्या टोमण्याचं, नाहीतर कशाचंच काही चालवायचं. वेढा उठेपर्यंत तिकडे बघायला नको. बस चालवणारे मामा म्हणायचे, "पोरी, तू झोपलीस तरी तुझं तोंड गाडी शेवटच्या स्टॉपपर्यंत नेईल." तिला तेव्हा शाबासकी वाटायची ती.

जिन्याच्या तोंडाशी ओल्या दगडाचा वास होता. तो नाकात शिरला आणि तिला बाळंतपणातली खोली आठवली, तिथे असला काही वास नसताना. ओल्या लंगोटांच्या दोऱ्या, पडदे ओढलेले, आणि दिवस कुठे सुरू होतो नि कुठे संपतो त्याचा पत्ता नाही. त्या दिवसांबद्दल तिला स्वतःला फार थोडं ठाऊक होतं. जे ठाऊक होतं ते सासूबाईंनी नंतर सांगितलेलं, तेही एकदम नाही, भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, तुकड्या-तुकड्यांनी. "तू पाळण्याशी उभी राहायचीस. पाठ खिडकीकडे. आणि बोलायचीस." "काय बोलायचे, आई?" "कामावर बोलतेस ना, तसं. मोठ्यांदा, नीट. 'आपल्या डाव्या हाताला' वगैरे. मला आधी गंमत वाटली. म्हटलं, पोरगी आतापासूनच लेकीला शिकवतेय." मग सासूबाईंच्या हातातली शेंग मोडायची राहिली होती. "मग त्या बाईचं सांगायला लागलीस. कठड्यावर मूल ठेवून केस बांधायला वळलेल्या." तिने विचारलं होतं, मग? मग काय झालं त्या मुलाचं? "कोण जाणे बाई. तिथवर आलीस की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचीस." आणि हे सांगून झाल्यावर त्यांनी उठून विनाकारण सगळ्या खिडक्यांच्या कड्या तपासल्या होत्या. तिला यातलं अक्षर आठवत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी झोप आणि गोळ्या सांगितल्या. काही बायकांना होतं असं, म्हणाल्या, जातं. गेलं. एका सकाळी उठून तिने चहा टाकला आणि चहाला चहाची चव लागली, तेव्हा तिला कळलं की गेलं. पण त्या दिवसापासून आजवर सासूबाईंनी तिला बाळाबरोबर एकटं ठेवलं नव्हतं. तसं बोलून दाखवलं नव्हतं कधी. ती बाळाला घेऊन गॅलरीत गेली की त्यांना नेमके तेव्हाच कपडे वाळत घालायचे असत. बाळाला अंघोळ घालायला बसली की त्या दाराशी पाटावर बसून म्हणत, "घाल गं घाल, मी आपली बसल्येय." या मायेचा तिला इतका राग यायचा की कधी कधी डोळ्यांत पाणी यायचं, आणि डोळ्यांत पाणी आलेलं दिसलं की त्या आणखी जवळ सरकायच्या.

आज सुटका होणार होती. आज बाळंतपणानंतरचा कामाचा पहिला दिवस. हा नीट पार पडला की उद्या सासूबाई आपल्या घरी जाणार होत्या. तिकडे सासरे एकटे, हाताने पोळ्या भाजून भाजून कावलेले. नवरा दुसऱ्या गावी नोकरीला, शनिवारी यायचा. कामाच्या दिवशी बाळ पाळणाघरात, आणि बाकी सगळा वेळ ती आणि बाळ, दोघीच. "तू ठीक आहेस ना गं?" सकाळी निघताना सासूबाईंनी विचारलं होतं. तिने बाळाची पापी घेऊन म्हटलं होतं, "अगदी ठणठणीत." आणि ती होतीही. बसमध्ये चढली, मामा म्हणाले, "या, आल्या आमच्या बाईसाहेब. तू नव्हतीस तर लोकांना समुद्र कुठला नि आकाश कुठलं कळेना," आणि तिच्या खांद्यांवरून कितीतरी महिन्यांचं ओझं उतरलं. माईक हातात घेतल्यावर तळहाताला घाम आला तोसुद्धा ओळखीचा, आपला वाटला.

दुपारी प्रवासी दीपगृहाखालच्या बाकांवर डबे उघडून बसले तेव्हा ती निळ्या स्वेटरवाल्या बाईच्या शेजारी जाऊन टेकली. आवाज शक्य तितका सहज ठेवला. "मी जरा नवीन काही काही घालत असते अधूनमधून. मघाशी वळणावर सांगितलं ते कसं वाटलं? लांबलं का फार?" "छे! उलट अर्धंच सोडलंत. माझ्या तर अंगावर काटा आला." बाईने घास गिळला. तिचे डोळे प्रेमळ होते, जरा खोल गेलेले. "कठड्यावर ती बाई बसलीय, बघा, म्हणालात. म्हणालात, तिचे केस वाऱ्याने तोंडावर येतायत आणि मूल घेतलेलं असल्यामुळे तिला हात रिकामा नाही. ती मूल क्षणभर कठड्यावर ठेवू का, असा विचार करतेय." "आणि?" "आणि मग दीपगृह दिसायला लागलं, तुम्ही दीपगृहाचं सुरू केलंत. वाईट खोड हं तुमची. टीव्हीवरच्या मालिकेसारखी." "तुम्हाला दिसली ती?" निळ्या स्वेटरवाल्या बाईने तिच्याकडे पाहिलं. "दिसली म्हणजे काय? तुम्ही दाखवलीत की. कुणीतरी बसलेलं होतं. नव्हतं का?" गाइड म्हणाली, "होतं होतं," आणि उठली.

मग ती मामांकडे गेली. मामा चाकाला पाठ लावून सावलीत बसले होते. "मामा, मघाशी मी वळणावर काय बोलले?" मामांनी एक डोळा उघडला. "वळणावर? तिथे तर तू पाणी पितेस." "बोलले का पण?" "पोरी, मी रस्त्याकडे बघतो. तुझं ऐकत बसलो तर सगळे दीपगृहावर यायच्या आधी खाली समुद्रात पोचतील." आणि डोळा मिटता मिटता, जरा वेगळ्या सुरात: "बरं वाटतंय ना तुला?" म्हणजे दिसतंय. चेहऱ्यावर दिसतंय. सासूबाई तर दार उघडतानाच ओळखतील. तिने पर्समधून फोन काढला. घरी लावावा, बाळ झोपलं का, झाकण उघडलं का, एवढंच विचारावं. आणि तो विचार करता करता तिला कळलं की फोन लावला तर ती हे विचारणार नाही, ती म्हणेल, जाऊ नका. आणि एकदा तसं म्हटलं की संपलं. मग पाटावर बसून पाहणं कधीच सुटणार नाही. मग नवऱ्याला कळेल, नणंदेला कळेल, पुन्हा पडदे, पुन्हा गोळ्या, पुन्हा बाळाला दुसऱ्याच्या खांद्यावरून आपल्याकडे बघताना बघायचं. तिने फोन परत पर्समध्ये टाकला. चेन लावली. समोर समुद्र भर उन्हात पत्र्यासारखा पांढरा होता, आणि लाटेचा आवाज लाट फुटल्यावर जरा उशिरानेच येत होता, दुसऱ्या कुठल्या तरी लाटेचा असावा तसा.

परतीला तिने ठरवूनच टाकलं. घसा बसलाय, माफ करा, परतीचा रस्ता तुमचा तुम्ही बघा, असं तिने सांगितलं, आणि लोकांनी 'अहो बसा, विश्रांती घ्या' म्हटल्यावर ती दाराजवळच्या घडीच्या खुर्चीवर बसली. माईक आकड्याला, त्याचं बटण बंद, तेही तिने दोनदा बघितलं. तोंड पुढे, रस्त्याकडे. कितीतरी वर्षांत ती अशी पुढे तोंड करून या रस्त्यावर बसली नव्हती. सगळं अंगावर धावून येत होतं. झाड यायचं, मोठं व्हायचं आणि बाजूने निसटून जायचं. एरवी तिला झाडं लहान होत जाताना दिसायची मागच्या काचेतून. आता समुद्र लोकांच्या उजवीकडे होता, आणि तिच्याही. डावं ते डावं, उजवं ते उजवं. इतकं साधं जग असतं हे ती विसरून गेली होती, आणि तिला हसू आलं. वळण जवळ आलं तसं तिने दात आवळले. ओठ मिटले. जीभ टाळूला लावून धरली, इतकी की कानशिलं दुखायला लागली. कठडा दिसला. ती डोळे फाडून त्याच्याकडे बघत राहिली, एकेक दगड, सांध्यातलं गवत, एका ठिकाणी पक्ष्यांनी पांढरा केलेला भाग. कुणी नव्हतं. कठडा सुरू झाला, वळला, संपला, आणि त्यावर कुणीसुद्धा नव्हतं. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. काही नव्हतंच. उगाच. त्या बाईला ऊन लागलं असेल, झोपेत ऐकलं असेल, लोकांना काय होत नाही? जीव असा भांड्यात पडला की तिने मान मागे टाकली, आणि ड्रायव्हरसमोरच्या लांबट आरशात तिला सगळी बस दिसली. सगळ्या माना समुद्राकडे वळलेल्या होत्या. कुणी बोलत नव्हतं. काठीवाले आजोबा अर्धवट उठून आजींच्या मानेवरून बघत होते आणि आजींनी त्यांच्यासाठी मान खाली घातली होती. निळ्या स्वेटरवाल्या बाईने तोंडावर हात धरला होता. ऐकणाऱ्यांचे चेहरे कसे दिसतात हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? ते नुसते बघणाऱ्यांचे चेहरे नव्हते. ते ऐकणाऱ्यांचे होते. आणि आरशात, सगळ्यांच्या पुढे, खाली कोपऱ्यात, तिला स्वतःची हनुवटी दिसली. तेवढीच दिसत होती. ती हलत होती की गाडीच्या धक्क्याने हलत होती हे कळायच्या आत मामांनी गियर बदलला, रस्ता सरळ झाला, आणि कुणीतरी मागे वेफर्सची पिशवी फोडली.

शहरात लोक एकेका थांब्यावर उतरत गेले. निळ्या स्वेटरवाल्या बाईने उतरण्यापूर्वी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "घसा बसलेला असून पुरी केलीत गोष्ट. मला राहवलं नसतं. माझं... जाऊ दे ते." तिचे हात उबदार आणि कोरडे होते. "तिने मूल खाली ठेवलं नाही ते फार बरं केलंत. रस्त्यावरून येणाऱ्या पहिल्या गाडीला हात केला, म्हणालात. जरा थांबता का, मला एकटीला सोडू नका, म्हणून. बस, एवढंच सांगा. गाडी थांबली का?" ड्रायव्हरच्या जागेवरून मामा म्हणाले, "ताई, उतरा आता, मागे हॉर्न वाजतोय." गाइडने तोंड उघडलं. तिला खरोखरच माहीत नव्हतं. "मलाही सांगितलेलं नाही कुणी," ती म्हणाली, आणि निळ्या स्वेटरवाली बाई हसली, हा या गाइडचा आणखी एक चावटपणा असं समजून, आणि गर्दीत दिसेनाशी झाली.

घराकडे चालताना तिने ठरवलं की ठीक म्हणायचं. छान झाला दिवस. पाय दुखले जरा. त्या उद्या जातील. गोळ्या पुन्हा सुरू करता येतील, गुपचूप; दाराला आतून कडी, गॅलरीचं दार बंद, बाळाला उंचावर ठेवायचंच नाही, कशावरच नाही, जमिनीवर अंथरूण घालून दोघींनी तिथेच राहायचं. केस कापून टाकायचे. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेत ती स्वतःला दिसली, आणि तिने केसांकडे गेलेला हात खाली आणला. मग तिने पहिल्यांदा, कुठलीही सबब न सांगता, तो विचार पूर्ण केला: आज आपण दोनदा बोललो आणि दोन्ही वेळा आपण तिथे नव्हतो. ज्या वेळी आपण नसू त्या वेळी बाळ कुणाकडे असेल? इमारतीच्या जिन्यात कुणाच्या तरी फोडणीचा ठसका भरला होता. ती प्रत्येक पायरीवर थांबत वर गेली. आपल्या दाराशी आल्यावर 'छान झाला दिवस' हे शब्द तिच्या तोंडात तयार होते, आणि ते तिने, गरम घास थुंकावा तसे टाकून दिले. तिने बेल दाबली. दार उघडलं. सासूबाई उभ्या होत्या, खांद्यावर बाळ, बाळाची पाठ तिच्याकडे. "आई," ती एका दमात म्हणाली, "उद्या जाऊ नका. मला अजून... तुम्ही राहाल का थोडे दिवस?"

"राहणारच आहे की," सासूबाई म्हणाल्या. "मघाशीच यांना कळवून टाकलं, भाजा म्हटलं आणखी चार दिवस पोळ्या. तू एवढी रडत फोन केल्यावर मी जाईन का गं?"

जिन्यातला दिवा विझला, पुन्हा लागला. "मी कधी केला फोन?" असं ती म्हणणार होती. म्हणाली नाही. दिवसभरात पहिल्यांदा तिच्या तोंडातून तेच बाहेर पडलं जे तिला विचारायचं होतं. "आणखी काय म्हणाले मी?"

सासूबाईंनी बाळाला जरा वर सरकवलं. त्यांचा एक हात बाळाच्या मानेमागे होता, पसरलेला. "म्हणालीस, मी घरी आले की पोरीला लगेच माझ्या हातात देऊ नका. आधी मला नीट बघा." त्यांचा आवाज बारीक झाला. "मीच आलेय ना, ते बघा."

बाळाने आवाज ओळखून मान वळवली. लाळेने हनुवटी चमकत होती. त्याने तिच्याकडे बघितलं आणि दोन्ही हात पसरून पुढे झेप टाकली, आणि सासूबाईंनी त्याला धरून ठेवलं. बाळ भोकाड पसरायच्या बेतात आलं. तिच्या छातीत कळ आली, पान्हा फुटून ब्लाउज ओला होत गेला, गरम, मग लगेच गार. ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. दोन्ही हात तिने खाली सोडले, तळवे दिसतील असे, आणि तोंड उजेडाकडे केलं.

"बघा, आई," ती म्हणाली. "ती रडली तरी रडू दे. सावकाश बघा."